अकरा मंडळं नकोत, यंदा दोनच

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपडा तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात यंदाच रुजू झालेल्या विज्ञानाच्या मॅडम, मूळच्या सांगलीकडच्या. हेडसरांनी ‘विद्यार्थी मंडळं तुम्ही बघा’ म्हणत एक फाइल त्यांच्या हातात दिली. फाइलमध्ये विज्ञान, गणित, वाङ्मय, इतिहास, हरित सेना, कला, आरोग्य अशी अकरा मंडळं आहेत आणि प्रत्येकाला अध्यक्ष, सचिव नेमलेले आहेत. प्रत्यक्षात एकही चालत नाही. शाळा सुटली की पोरं बसकडे पळतात, पैसा नाही, पालक म्हणतात दहावीचं बघा. त्या विचारतात, सुरुवात कुठून करू?

मॅडम, फाइल आहे तशी कपाटात ठेवा. तिच्याशी भांडू नका. तपासणीला, स्क्वाफची (शाळेच्या गुणवत्ता मूल्यांकनाची) माहिती भरायला ती लागते आणि ती नीट ठेवणारा लिपिक तुमच्या शाळेत असेलच. तुम्ही यंदा दोन मंडळं उभी करा, तिसरं नको. अकरा मंडळं म्हणजे अकरा उद्घाटनं, अकरा हार, अकरा फोटो आणि जुलैनंतर सामसूम. हे मी आमच्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत इतक्या शाळांमध्ये पाहिलं आहे की आता उद्घाटनाचं निमंत्रण आलं की मी विचारतो, दुसरी बैठक कधी आहे?

स्काउट-गाइड, एनसीसी, रस्ता सुरक्षा दल यांना मी या दोनात धरत नाही. त्यांचा गणवेश, अभ्यासक्रम, परीक्षा, प्रशिक्षित शिक्षक हे सगळं बाहेरून ठरलेलं असतं. ती चालू असतील तर चालू द्या. मी बोलतोय ते शाळेनं स्वतः उभ्या करायच्या मंडळांबद्दल.

आधी वेळेचं बघू, कारण खानदेशात मंडळ मरतं ते बहुतेक वेळा एसटीच्या वेळापत्रकामुळे. तुमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून, पाड्यांवरून पोरं येत असणार. मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमाची निळी बस असेल, मुलांना साध्या एसटीचा पास. ती गाडी चुकली तर पुढची गाडी कधी, आणि अंधारात पोरगी घरी कशी पोचणार, हा प्रश्न आईबापांसमोर असतो. म्हणून ‘शाळा सुटल्यावर थांबा’ हे वाक्य आपल्याकडे उच्चारायचंच नाही. ते उच्चारलं की मंडळात फक्त गावातली मुलं उरतात, त्यातही मुलगे, आणि त्यातही ज्यांना घरी काही काम नाही ते.

वेळ शाळेच्या आतलाच काढा. शनिवारी सकाळची शाळा असते, तिचे शेवटचे दोन तास एक आड एक शनिवारी मागा. दर शनिवारी मागाल तर हेडसर नाही म्हणतील आणि गणिताचे सर तुमच्यावर रुसतील. पंधरा दिवसांनी एकदा मागितलं तर कुणाचं काही जात नाही. आठवीपर्यंतच्या वर्गांना ‘आनंददायी शनिवार’ सरकारनंच सांगितलेला आहे, त्यामुळे त्या वर्गांसाठी तुम्हाला वेगळं पटवायचीही गरज नाही. नववीचं मात्र बोलून घ्यावं लागेल. दहावीला पहिल्या सत्रापुरतं घ्या, दिवाळीनंतर सोडून द्या. एकदा ठरलेला शनिवार मोडू देऊ नका. कुणाचा सत्कार आला, कुठल्या दिनाचं भाषण आलं तर ते परिपाठात उरकायला सांगा. मधल्या सुट्टीत मंडळ भरवायचा मोहही टाळा. त्या सुट्टीत पोरं जेवतात, खेळतात, आणि ती त्यांची आहे.

आता मुख्य मुद्दा. मंडळाचा विषय निवडताना आपण सगळे एकच गोष्ट करतो, आपल्याला काय येतं ते बघतो. विज्ञानाचे शिक्षक प्रयोग दाखवतात, मराठीचे शिक्षक निबंध स्पर्धा घेतात. म्हणजे वर्गात जे सहा दिवस चालतं तेच सातव्यांदा, फक्त बाक गोल मांडून. माझा अनुभव असा की मंडळ जगतं ते जिथं पोराला गुरुजींपेक्षा जास्त माहीत असतं तिथं. तुम्ही सांगलीच्या आहात, ही तर तुमची जमेची बाजू आहे. तुम्हाला केळीची बाग माहीत नाही, अहिराणी येत नाही, होळीआधीचा भोंगऱ्या बाजार पाहिलेला नाही. पोरांना हे सगळं ठाऊक आहे, आणि शाळेत आजवर कुणी त्यांना ते विचारलेलं नाही. तुम्ही खरोखर विचारा, विचारल्याचं नाटक नको. तुम्हाला माहीत नाही हे त्यांना दिसलं पाहिजे.

या हिशेबानं मी दोन मंडळं सुचवतो, एक हवामानाचं आणि एक बोलीचं.

हवामानाचं मंडळ विज्ञान मंडळाच्या नावावर चालवा. काम एकच, पाऊस आणि तापमान मोजून लिहून ठेवणं. ऐकायला फार साधं वाटेल. पण तुमच्या वर्गातल्या निम्म्या घरांत केळी किंवा कापूस असेल, आणि केळीवाल्यांच्या घरी ‘हवामानावर आधारित फळपीक विमा’ हे शब्द आठवीतल्या पोरालाही माहीत असतात. त्या विम्याची भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या, म्हणजे काही गावांच्या महसुली गटातल्या, हवामान केंद्राच्या आकड्यांवर. थंडी किती दिवस किती खाली गेली, उन्हाळ्यात पारा किती दिवस वर राहिला, वारा किती सुटला. बाप बांधावर उभा राहून म्हणतो, ‘आमच्याकडे तर यापेक्षा जास्त थंडी होती.’ खरंच होती का? शाळेकडे वही असेल तर बोलता येतं. शाळेची वही विम्याच्या दाव्यात चालणार नाही, हे पोरांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, नाहीतर पालक जानेवारीत वही मागायला येतील. पण आपल्या गावचा आकडा आणि केंद्राचा आकडा यांत फरक का पडतो, या प्रश्नावर तुम्हाला वर्षभराचं विज्ञान शिकवता येईल.

पर्जन्यमापक विकत घेऊ नका. थंड पेयाची दोन लिटरची सरळ अंगाची बाटली घ्या. खांद्याजवळ, जिथं ती पूर्ण रुंद होते तिथं कापा. कापलेला वरचा भाग उलटा करून नाळक्यासारखा, म्हणजे नरसाळ्यासारखा, आत बसवा. बुडाशी बाटली खळग्याखळग्यांची असते, तिथं बारीक खडे घालून वर पाणी भरा आणि त्या पाण्याच्या पातळीला शून्याची रेघ मारा. बाहेरून प्लास्टिकची पट्टी चिकटवा. तोंड आणि अंग एकाच रुंदीचं असल्यामुळे पातळी जितके मिलिमीटर चढेल तितका पाऊस, वेगळं गणित नाही. नववीच्या पोरांना मात्र मुद्दाम वेगळ्या मापाचं नाळकं द्या. नाळक्याचा व्यास 14 सेंटिमीटर आणि बाटलीचा 7 असेल तर पाणी किती पट चढेल? बहुतेक जण दुप्पट म्हणतात. चौपट चढतं हे बाटलीत दिसलं की वर्तुळाचं क्षेत्रफळ पुन्हा विसरत नाहीत. आणि एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे कळलं की पोरं लगेच आपल्या घराच्या पत्र्याचा हिशेब मांडतात. तुम्हाला सांगावं लागत नाही.

बाटली उघड्यावर ठेवा. जवळच्या भिंतीची किंवा झाडाची जेवढी उंची, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. वाऱ्यानं आडवी होऊ नये म्हणून विटांत पक्की करा. शेळ्यांपासूनही जपावी लागते, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं. नोंद सकाळी साडेआठला, कारण हवामान खातंही त्याच वेळी घेतं. तुमची शाळा त्या वेळी भरलेली नसणार, म्हणून शाळेजवळ राहणारी दोन मुलं नेमा आणि त्यांना महिन्यानं बदला. रविवारी आणि सुट्टीतही नोंद व्हायला हवी. शून्य पाऊस असेल तर शून्य लिहायचं, रकाना कोरा सोडायचा नाही. कोरा रकाना म्हणजे बघितलं नाही आणि शून्य म्हणजे बघितलं पण पडला नाही. हा फरक आठवीत समजलेलं पोर पुढे कुठलाही तक्ता नीट वाचतं.

खरी गंमत पुढे आहे. तुमच्या शाळेत पाच-सहा गावांची पोरं येतात ना? प्रत्येक गावात एक बाटली ठेवा. सोमवारी पोरं चिठ्ठ्या आणतील. सातपुड्याच्या पायथ्याशी चाळीस आणि तापीकाठी चार, असे आकडे एकाच दिवशी येतील. मग वर्तमानपत्रात छापलेला तालुक्याचा आकडा त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, हा कुणाचा पाऊस? सरासरी म्हणजे काय, हे त्या एका सकाळी जितकं समजतं तितकं धड्यातून समजत नाही. हवामान खातं 2.5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच त्याला पावसाचा दिवस म्हणतं, हेही सांगा. मग महिन्याभरात किती मिलिमीटर पडला याच्याबरोबर किती दिवस पडला हेही मोजायला लागतील, आणि पेरणी कुणाची साधली, कुणाची दुबार झाली ते आपोआप बोलण्यात येईल. थोड्याच दिवसांत व्हरांड्यात कुणीतरी तुम्हालाच विचारेल, ‘मॅडम, काल कितला पानी पडना?’

तापमानाला मात्र थोडा खर्च आहे. कमाल-किमान तापमापी विकत घ्यावी लागेल. ती भिंतीला टांगू नका. आपल्याकडची भिंत एप्रिलमध्ये तव्यासारखी तापते आणि तापमापी भिंतीचंच तापमान सांगते. लाकडी खोकं, चारही बाजूंना झडपांसारख्या फटी, पांढरा रंग, दार उत्तरेला, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर. गावातला सुतार करून देतो, आणि त्याचं पोर शाळेत असेल तर विचारूच नका. डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान खाली जायला लागलं की केळीवर चरका, म्हणजे थंडीनं झालेलं नुकसान, दिसायला लागतो. कुठल्या रात्रीनंतर पानं बिघडली, ते बागायतदारांच्या पोरांनी वहीत लिहायचं. मार्चनंतर सकाळची शाळा सुरू होते, तेव्हा कमाल तापमानाची नोंद दुपारी कोण घेणार हा प्रश्न येईल. कमाल-किमान तापमापीत तो सुटलेलाच असतो. खूणकाटा जिथे अडकला तिथे तो दुसऱ्या सकाळपर्यंत राहतो. वाचा, लिहा, खूणकाटा खाली आणा. एवढंच.

विहिरींची पातळी मोजायचं डोक्यात येईल, चांगलं काम आहे. केळीच्या पट्ट्यात बोअर किती खोल गेले हे पोरांना तोंडपाठ असतं. पण विहिरीवर मूल एकटं जाणार नाही, हा नियम लेखी करा. मोठं माणूस बरोबर असेल तरच, कठडा असेल तरच, आणि वाकून नाही, दोरीला दगड बांधून. नाहीतर नुसतं वडिलांना विचारून बोअरची खोली आणि साल लिहून आणा, तेवढं पुरे. नववी-दहावीला जलसुरक्षेचा श्रेणी विषय आहेच. पोरं त्याचे प्रकल्प एकमेकांच्या वहीतून उतरवतात. ही नोंदवही त्यांचा खरा प्रकल्प होईल, आणि ‘अभ्यास बुडतो’ म्हणणाऱ्याला दाखवायला तुमच्याकडे काहीतरी असेल.

दुसरं मंडळ बोलीचं. हे मराठीच्या शिक्षकांबरोबर घ्या, एकट्या घेऊ नका, नाहीतर विनाकारण हद्दीचा वाद होईल. तुमच्या वर्गात कोण कोण बसतं ते आधी बघा. घरी अहिराणी बोलणारी, लेवा बोली बोलणारी, गुजर घरातली, पावरा, भिल्ल, तडवी. शाळेत या सगळ्यांना एकच मराठी बोलावी लागते, आणि ज्यांची घरची बोली तिच्यापासून जितकी लांब तितकं ते पोर वर्गात गप्प. गप्प पोराला आपण ‘कच्चं’ म्हणून मोकळे होतो.

मंडळाचं काम कार्डं करायचं. एका कार्डावर एक शब्द, तो वापरलेलं एक वाक्य, कुणी सांगितला, कुठल्या गावचा. सुरुवात वावरापासून करा. अवजारं, कापूस वेचणी, केळीच्या बागेतली कामं, गुरांचे रंग. मग स्वयंपाक, मग नाती. पावरा मुलगी आपल्या बोलीतला शब्द फळ्यावर लिहिते आणि अहिराणी मुलगा म्हणतो आमच्यात याला असं म्हणतात, लेवा मुलगा तिसरंच सांगतो. तुम्ही फक्त खडू पुरवायचा. शब्द जसा ऐकला तसा लिहायचा, प्रमाण मराठीत ‘सुधारून’ नाही. मंडळात कुणाच्या बोलीला हसायचं नाही हा नियम पहिल्या दिवशी सांगा आणि शिक्षकांसाठीही तोच ठेवा. शिक्षक जास्त हसतात, मी स्टाफरूममध्ये ऐकलेलं आहे.

सहकारी म्हणतील, बोली शाळेत आणली तर शुद्धलेखन बिघडेल. त्यांना बहिणाबाईंची आठवण करून द्या. आसोद्याच्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर सुचलेल्या ओळी मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी कागदावर उतरवल्या म्हणून राहिल्या, आणि त्या 1951 साली गेल्यानंतर पुस्तक निघालं. आता त्या कविता शाळेत पाठ करून घेताना कुणी म्हणत नाही की यानं शुद्धलेखन बिघडतं. उतरवून घेणारं कुणीतरी घरात होतं, एवढाच फरक. तुमच्या पाड्यावरच्या आजीजवळ ते पोर आहे, आठवी ब मध्ये बसलेलं.

गाण्यांना वेळ बघून हात घाला. श्रावणात कानबाई, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाई. गुलाबाईच्या दिवसांत मुली रोज संध्याकाळी घरोघर गाणी म्हणतात, त्याच दिवसांत आपली पहिल्या सत्राची परीक्षा येते. तेव्हा लिहून आणायला सांगायचं नाही. फक्त लक्षात ठेवा म्हणायचं, आणि परीक्षा संपल्यावर शनिवारी बसून उतरवायचं. आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी, झोक्यावरची, ती सुट्टीत असतात, त्यामुळे ती जूनमध्ये उतरवायची. होळीचं सातपुड्यात फार मोठं आहे, भोंगऱ्याच्या बाजारांनी सुरुवात होते. पावरा-भिल्ल पोरं त्या दिवसांत शाळेत येत नाहीत म्हणून हजेरीवर लाल शाई पडते. त्याऐवजी आल्यावर त्यांना विचारा, लिहा, ढोल कसा बांधतात त्याचं चित्र काढा. आजीचं गाणं आजीला विचारूनच उतरवायचं. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी सांगायचं, आणि ते कुठंही टाकायचं नाही.

या कार्डांतून महिन्याला एक भित्तिपत्रक आणि वर्षाला एक हस्तलिखित. छापील अंकाच्या मागे लागू नका. छपाई आली की जाहिराती येतात, जाहिराती आल्या की संस्थाचालकांचा फोटो, मग संपादकीय कोण लिहिणार यावरून धुसफूस. हस्तलिखिताला फक्त कागद आणि चांगलं अक्षर असलेली चार पोरं लागतात. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात 1924 ते 1930 साने गुरुजी शिक्षक होते, तेव्हा ते छात्रालयातल्या मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढत. रोज! आपण महिन्याचं एक काढायला रडतो.

बाकीच्या मंडळांबद्दल थोडक्यात, पुढच्या वर्षासाठी. गणित मंडळाला आठवडे बाजार पुरेसा आहे. भाव, माप, तूट, कापसात रुई किती टक्के निघते, 356 किलोची खंडी आणि 100 किलोचा क्विंटल यांची सांगड. सहल काढायची असेल तर चाळीसगावजवळचं पाटणादेवी. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं तिथं मठ काढला, आणि त्याला मिळालेल्या देणग्यांचा 1207 सालचा शिलालेख तिथं सापडला. शेवटचा काही भाग जुन्या मराठीत आहे. आठशे वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात गणिताच्या अभ्यासाला पैसा नेमून दिला जात होता, हे पोरांना सांगावंसं वाटतं. चाळीसगावातच छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, छायाचित्रणाची आवड असलेल्या पोरांना तिथं न्यायलाच हवं. इतिहास मंडळाला धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे, नंदुरबारचा शिरीषकुमार आहे. इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळीनं तो गेला तेव्हा शाळकरी पोरगाच होता, 9 सप्टेंबर 1942. पण दर 9 सप्टेंबरला भाषण ठेवून इतिहास मंडळ चालत नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला ‘तुमच्या लहानपणी पाणी कुठून आणायचे’ हे विचारून लिहिलेलं पान मला जास्त मोलाचं वाटतं. हरित सेनेनं झाडं लावण्याआधी गेल्या वर्षी लावलेल्यांपैकी किती जगली ते मोजावं, नाहीतर त्याच खड्ड्यात पुन्हा झाड लावताना पाहुण्यांचा फोटो निघतो. पक्ष्यांची आवड निघाली तर भुसावळजवळचं हतनूर धरण आहे, हिवाळ्यात जा. राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, पण तो बहुधा दिवाळीच्या आगेमागे येतो, म्हणून तारखेला चिकटून राहू नका.

सहलीसाठी एसटीच घ्या. शालेय सहलीला भाड्यात निम्मी सवलत मिळते, आणि परवानगीलाही त्रास कमी. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांचं संमतीपत्र, मुली असतील तर शिक्षिका बरोबर. यातलं एकही ‘नंतर बघू’ वर सोडायचं नाही.

स्पर्धांबद्दल माझं मत जरा कडू आहे. तालुका विज्ञान प्रदर्शनात मी दरवर्षी तोच इंजेक्शनच्या सिरिंजांचा जेसीबी आणि तोच ज्वालामुखी बघतो. यूट्यूबवरून उचललेलं, वडिलांनी जोडलेलं, आणि पोर पाठ केलेलं बोलतं. इन्स्पायर मानक योजनेत निवडलेल्या कल्पनेला 10,000 रुपये मिळतात, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी चांगली योजना आहे. पण तिथंही शेवटच्या तारखेला शिक्षकच कल्पना टाइप करत बसतात. तुमचं मंडळ वर्षभर खरोखर काही मोजत असेल तर कल्पना त्यातूनच येईल. एखादी मुलगी म्हणेल, बाटलीत शेळी तोंड घालते त्याला उपाय काढू या. ती कल्पना पाठवा. निवड झाली नाही तरी कुणी त्या कल्पनेबद्दल विचारलं तर ती मुलगी स्वतः सांगू शकेल.

सभासद कसे घ्यावेत? वर्गातले पहिले पाच नकोत. त्यांना आधीच सगळीकडे पाठवलेलं असतं, भाषणाला तेच, प्रश्नमंजूषेला तेच, झेंड्याला तेच. मंडळ सर्वांना खुलं ठेवा, तीस-पस्तीस पोरांवर थांबवा, आणि एकाच गावची सगळी येणार नाहीत हे बघा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कोषाध्यक्ष असली पदं काढूच नका. आपल्याकडे पद निघालं की चेअरमनच्या पुतण्याला ते मिळतं आणि बाकीची पोरं समजून जातात. कामं वाटा. नोंद घेणारे, वही सांभाळणारे, फळा लिहिणारे, साहित्य जपणारे, आणि दोन महिन्यांनी सगळी कामं फिरवा. फळा लिहायचं काम मुलीला आणि झाडायचं मुलाला, असंही एकदा करून बघा. पहिल्या दिवशी कुरकुर होते, तिसऱ्या वेळी कुणाला आठवतही नाही.

तुमचं स्वतःचं काम पहिले दोन महिने जास्त आणि मग कमी कमी. बैठकीत तुम्ही मागच्या बाकावर बसा. पोरं तुमच्याकडे वळून बघतील, तुम्ही वहीत बघा. थोडा गोंधळ होईल, हेडसर दारातून डोकावतील. त्यांना आधीच सांगून ठेवा की दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत असाच आवाज होणार आहे. न सांगता झाला तर तो बेशिस्त ठरतो.

पैशाचं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत युवा आणि इको क्लबसाठी तरतूद असते, पण तुमच्यासारख्या खासगी अनुदानित शाळेनं ते मिळेलच असं धरून आखणी करू नये. वर्गणी तर अजिबात काढू नका. दहा रुपये म्हटले तरी ज्याच्याकडे नाहीत तो उद्यापासून येत नाही, आणि का येत नाही ते सांगत नाही. बाटल्या फुकट, कार्डांसाठी जुन्या निमंत्रणपत्रिकांची कोरी बाजू, लग्नसराईनंतर पोतंभर मिळतात. तापमापीसाठी माजी विद्यार्थ्यांपैकी एखाद्या बागायतदाराला किंवा कृषी केंद्रवाल्याला विचारा, एकदाच, वस्तूच्या रूपात. हिवाळ्यात आनंद मेळाव्यात भरीत-भाकरीचा स्टॉल मंडळाला मिळाला तर वर्षाचा खर्च सुटतो. वांगी कुणाच्या तरी शेतातूनच येतात.

फोटोंबाबत एक गोष्ट ठाम धरा. मुलींचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणार नाहीत, शाळेच्या ग्रुपवरही नाही. एका फोटोवरून मुलगी घरी बसवली जाऊ शकते, ही आपल्याकडची वस्तुस्थिती आहे. वहीचा फोटो टाका, बाटलीचा टाका.

आणि वर्षाची आखणी करताना शिक्षण खात्याच्या कॅलेंडरबरोबर शेताचंही कॅलेंडर भिंतीवर लावा. जुलै ते दिवाळी हा तुमचा खरा काळ. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणीला हात कमी पडतात आणि पोरं गैरहजर राहतात. काही घरं ऊसतोडीला जातात, ती पोरं परत कधी येतील सांगता येत नाही. अशा पोराला मंडळातून काढू नका. जाताना त्याच्याबरोबर चार कोरी कार्डं द्या, जिथं जाईल तिथले शब्द लिहून आणायला. नोव्हेंबरअखेर पुन्हा जोर धरा. डिसेंबरमध्ये गॅदरिंग आणि क्रीडास्पर्धा सगळं खाऊन टाकतात, तेव्हा फक्त नोंदी चालू ठेवा, बैठक नाही झाली तरी चालेल.

पालकांचा विरोध तुम्हाला वाटतो तितका नसतो. पालक सभेत मंडळाबद्दल भाषण करू नका. त्यांच्या गावच्या पावसाची वही टेबलावर उघडून ठेवा. पानं उलटतील, शेजारच्या गावचा आकडा बघतील आणि आपसात वाद घालतील. ज्यांच्या घरी केळी आहे ते विचारतील, हे कुणी लिहिलं? मग त्या पोराला पुढे बोलवा.

एप्रिलमध्ये, परीक्षा संपायच्या आत, वह्या सातवी-आठवीच्या पोरांच्या ताब्यात द्या, सह्या घेऊन. सुट्टीत तापमापी कोण वाचणार ते तेव्हाच ठरवा, कारण मे महिन्यातले आकडे सगळ्यात जास्त विचारले जातात. मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी आपल्या भागात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैत पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात. सुट्टीतली ती दुपार कोण बघणार, हेही त्याच यादीत लिहून ठेवा. आणि येत्या सोमवारी हेडसरांकडे जाल तेव्हा एवढंच मागा, एक आड एक शनिवारचे दोन तास, कुलूप लागणारं एक कपाट, आणि शाळेच्या आवारात, भिंतीपासून लांब, चार फूट लांब-रुंद जागा.